हिवाळ्यातील मासेमारी : भिलाईच्या तळ्यावर आणि उरलच्या बर्फावर

वाचकहो, मुंबई-हावडा लोहमार्गाने नागपूर सोडून पूर्वेकडे निघाले, म्हणजे गोंदियापर्यंत मराठी आपल्या सोबतीला असते. पुढे सालेकसा-दरेकसाचा डोंगराळ, जंगलाचा भाग लागतो. डोंगरगडच्या टेकडीवरचे बम्लेश्वरीचे देऊळ गाडीतून दिसते. आणि राजनांदगाव मागे पडले, की भाताच्या खाचरांचा सपाट मुलूख सुरू होतो. दुर्गच्या अलीकडे शिवनाथ नदीचा पूल येतो. त्यानंतर थोड्याच वेळात क्षितिजावर उंच धुरांडी दिसू लागतात. हेच भिलाई.

भिलाईचे नाव निघाले, की पोलाद आठवते, आणि ते योग्यच आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात या कारखान्याचा करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. करार झाला त्या वेळी दुर्ग जिल्हा आणि नागपूर ही एकाच राज्यात होती, इतकेच नव्हे, तर नागपूर हीच त्या राज्याची राजधानी होती. पुढे १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली, आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले. सीमा बदलल्या, तरी नोकरीनिमित्त आलेली कितीतरी मराठी कुटुंबे इथल्या सेक्टरांतून कायमची राहिली. आज त्यांची तिसरी-चौथी पिढी घरात मराठी, बाजारात छत्तीसगडी आणि शाळेत हिंदी सहजपणे बोलते.

परंतु आजचा आपला विषय पोलाद नाही. पोलादाइतकीच पाण्याची ओढ असलेल्या या गावी हिवाळ्यात माणसे गळ घेऊन कशी निघतात, त्यासाठी काय तयारी करतात, आणि भिलाईतल्या काही जुन्या घरांतून गोठलेल्या पाण्यावरच्या मासेमारीच्या गोष्टी अजून का सांगितल्या जातात, हे आपण पाहणार आहोत.

तळ्यांचा मुलूख

पोलादाच्या कारखान्याला अग्नीइतकीच पाण्याची गरज असते. भट्टीच्या भिंती थंड ठेवायच्या, लाल पोलादावर पाण्याचे फवारे सोडायचे, बाष्प तयार करायचे, आणि शिवाय लाखो माणसांच्या नगराची तहान भागवायची, या सर्वांसाठी भिलाईला तांदुळा जलाशयाचा मोठा आधार आहे. बालोदजवळचे हे धरण १९२१ साली पूर्ण झाले, तेव्हा ते भातशेतीसाठी होते. कारखान्याचे स्वप्नही त्या वेळी कुणी पाहिले नव्हते. धरणाचे पाणी कालव्याने भिलाईकडे येते आणि मरोदा येथील तलावांत साठवले जाते. १९७२ साली उभारलेली ‘मैत्री बाग’ या मरोदा तलावाच्या शेजारीच आहे. रविवारी तेथे जाणाऱ्या मुलांना पांढरा वाघ पाहण्याची घाई असते. पण वडीलधारी मंडळी पुष्कळदा पाण्याकडे तोंड करून बसलेली दिसतात.

या मुलखाची जुनी संपत्ती मात्र गावोगावची तळी हीच आहे. छत्तीसगडीत तळ्याला ‘तरिया’ म्हणतात. दुर्ग जिल्ह्यातीलच धमधा या गावाविषयी ‘छै आगर छै कोरी तरिया’ अशी ख्याती आहे. कोरी म्हणजे वीस. सहा कोऱ्या आणि वर सहा, म्हणजे एकशे सव्वीस तळी! आपल्या भंडारा-गोंदियाकडील मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. तिकडे ढिवर आणि इकडे केवट व ढीमर, या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर आपला चरितार्थ चालवला आहे.

त्यांचे कामाचे वर्ष पावसापासून सुरू होते. छत्तीसगडात १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात नद्यांत आणि नद्या-नाल्यांशी जोडलेल्या तलावांत मासेमारीला बंदी असते, कारण मासे अंडी घालतात तो हाच काळ. गावच्या तळ्यांत याच दिवसांत मत्स्यबीज सोडले जाते. पूर्वी हे बीज पुराच्या पाण्यातून गोळा करून मडक्यांत भरून आणावे लागे, आणि त्यात चांगल्या माशांबरोबर नको असलेले मासेही येत. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी संप्रेरक टोचून कार्प माशांचे प्रजनन यशस्वी करून दाखवले, आणि रोहू, कटला व मृगळ यांचे शुद्ध बीज तळ्याकाठी तयार होण्याचा मार्ग खुला झाला. भिलाईची पहिली भट्टी पेटण्यापूर्वी दीड-दोन वर्षांची ही गोष्ट आहे. देशाच्या पोटापाण्याच्या दृष्टीने तीही काही लहान नव्हे.

बंदीच्या या दोन महिन्यांत केवटाचे हात मात्र रिकामे नसतात. फाटलेली जाळी ओसरीत पसरलेली असतात आणि लाकडी सुईने तो एकेक घर सांधत असतो. जाळी सुताची व सणाची होती, तेव्हा ती कुजू नयेत म्हणून सालींच्या काढ्यात उकळून काढीत. कोकणात त्यासाठी ऐनाची साल वापरीत. नायलॉन आले आणि ती उकळण्याची भट्टी विझली. सांधण्याचे काम मात्र राहिलेच. बांबूच्या कामट्यांचा ‘चोरिया’ नावाचा सापळा, दोन काठ्यांना जाळे बांधून उथळ पाण्यात ढकलीत न्यायचा ‘पेलना’, आणि ‘गरी’ म्हणजे गळ, ही इथली साधने होत. छत्तीसगडीत गळ टाकण्याला ‘गरी खेळणे’ म्हणतात. ज्याचे पोट त्यावर आहे, त्यालाही तो शब्द खेळाचाच सुचला, याचे कौतुक वाटते.

गळाची सिद्धता

डिसेंबर आला, की भिलाईत पहाटे चांगलीच थंडी पडते. सकाळच्या पाळीला सायकलीवरून जाणाऱ्या कामगारांच्या कानांभोवती मफलर दिसतात. तळ्यावर उत्तरेकडून आलेली बदके उतरलेली असतात. त्यांची उन्हाळ्यातली सरोवरे आता गोठली आहेत, म्हणून ती हजारो कोस उडून इथल्या न गोठणाऱ्या पाण्यावर आली आहेत. सुटीच्या दिवशी एखाद्या कुटुंबाने डबा बांधून गावच्या तळ्याकडे किंवा शिवनाथच्या काठी निघावे, असे हे दिवस.

वाचकांपैकी ज्यांना हा छंद असेल किंवा मुलांना लावायचा असेल, त्यांनी पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी, ती ही, की हिवाळ्यात पहाटे उठून धावण्याने काही साधत नाही. मासा हा शीत रक्ताचा प्राणी. पाणी थंड झाले, की त्याची भूक मंदावते, हालचाल मंदावते आणि तो खोल पाण्याकडे सरकतो. दहा वाजल्यानंतर उन्हाने पाणी थोडे कोमट झाले, म्हणजे तो आमिषाकडे वळतो. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो, ही त्यांची नेहमीची रीत. हिवाळ्यात गळ त्याहून थोडा खोल सोडावा लागतो. मरळ व मांगूर यांना हवेतील प्राणवायूही घेता येत असल्याने ते मधूनमधून वर येतात, आणि पाण्यावर उठलेला बुडबुडा जाणत्याला त्यांचा पत्ता सांगतो.

साधनांची तयारी त्याआधी पंधरा दिवस करावी. बांबूची काठी असेल तर ती कोरड्या दिवसांत तोडलेली असावी. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूला कीड लवकर लागते. वाकलेली काठी मंद आचेवर शेकून सरळ करता येते. नायलॉनचा दोरा उन्हाने कमजोर होतो, आणि हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मागील वर्षीच्या दोऱ्याचा टोकाकडचा दोन-तीन हात भाग कापून टाकावा आणि गाठ पाण्यात भिजवून, ताणून पाहावी. कापलेला दोरा काठावर टाकू नये. त्यात पाणपक्ष्यांचे पाय अडकतात आणि ते मरतात. गळाचे टोक नखावर हलकेच टेकवून पाहावे. घसरले, तर ते बोथट आहे असे समजावे. गंज पुसून तेलाचे बोट फिरवावे आणि प्रत्येक टोकावर बुचाचा तुकडा खोचून ठेवावा, म्हणजे घरातल्या लहान मुलांच्या हाताला इजा होणार नाही. पूर्वी तरंगा मोराच्या पिसाच्या देठाचा करीत. आता बाजारात तयार मिळतो. आमिषाला भाजलेल्या बेसनात मळलेली कणीक किंवा ओल्या मातीतले गांडूळ पुरते. बहुतेक तळी पंचायतीने कुणाला तरी पट्ट्याने दिलेली असतात. तेव्हा गळ टाकण्यापूर्वी विचारणे हे सौजन्यच नव्हे, तर कर्तव्य आहे, कारण त्या पाण्यातला मासा कुणाची तरी वर्षाची मिळकत असतो.

जेथे पाणी दगड होते

आता आपण भिलाईहून उत्तरेकडे, त्या बदकांनी मागे टाकलेल्या प्रदेशाकडे जाऊ. भिलाईच्या माणसांना तो प्रदेश केवळ नकाशावरचा नाही. कारखाना उभा राहत असताना येथील तरुण अभियंते व कारागीर प्रशिक्षणासाठी सोव्हिएत संघातील पोलादनगरांत पाठवले गेले, आणि तिकडचे तज्ज्ञ सहकुटुंब भिलाईत राहावयास आले. सोव्हिएत संघ १९९१ साली लयास गेला. पण या देवघेवीच्या आठवणी भिलाईच्या जुन्या घरांतून अजून जिवंत आहेत.

त्या नगरांपैकी मॅग्निटोगोर्स्क हे भिलाईचे वडील भावंड शोभेल. उरल नदीकाठच्या या नगरात १९३२ साली पहिली भट्टी पेटली. भिलाईला जसा मरोदा, तसा तेथे उरल नदीला बांध घालून कारखान्यासाठी मोठा जलाशय केलेला आहे. त्याच्या पूर्वेचा काठ आशियात आणि पश्चिमेचा युरोपात मोडतो. हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस-तीस अंशांपर्यंत उतरतो, जलाशयावर बर्फाचे जाड झाकण बसते, आणि सुटीच्या दिवशी कारखान्यातली माणसे त्या झाकणावर बसून मासे धरतात.

गोठलेल्या पाण्याखाली मासे जिवंत कसे राहतात, असा प्रश्न मुले हटकून विचारतील. निसर्गाची ही मोठी किमया आहे. बहुतेक पदार्थ थंड होतील तसे आकुंचन पावून जड होत जातात. पाणीही तसेच करते, पण ४ अंश सेल्सियसपर्यंतच. त्याहून थंड झाले, की ते पुन्हा प्रसरण पावू लागते आणि हलके होते. त्यामुळे सर्वांत थंड पाणी वर येऊन तेथेच गोठते, आणि ४ अंशांचे पाणी तळाशी राहते. वरचा बर्फ एखाद्या गोधडीसारखे काम करतो. हा नियम नसता, तर थंड देशांतली सरोवरे तळापासून गोठत गेली असती आणि त्यांत मासा उरला नसता.

तथापि त्या गोधडीखालीही संकट असते. बर्फावर हिम साचले, की उजेड आत जात नाही, पाणवनस्पती प्राणवायू सोडीत नाहीत, आणि हिवाळ्याच्या अखेरीस उथळ तळ्यांत मासे गुदमरतात. आपल्याकडे पावसाळी ढगाळ पहाटे तळ्यातले मासे पृष्ठभागावर तोंड काढून श्वासासाठी धडपडताना केवटांनी पाहिलेले असतात. दोन्हीकडे कारण एकच, प्राणवायूचा तुटवडा.

मासेमार या बर्फात वीतभर रुंदीचे भोक पाडतो. रशियन भाषेत त्याला ‘लुन्का’ म्हणतात. जुने साधन म्हणजे ‘पेश्न्या’, आपली लोखंडी पहारच. फक्त तिच्या मुठीला चामड्याचा फास असतो आणि तो मनगटात अडकवतात, कारण बर्फ फुटता क्षणी पहार हातून सुटून तळाशी गेली, तर ती पुन्हा मिळत नाही. आता बहुतेक जण मोठ्या मळसूत्री गिरमिटाने भोक पाडतात. काठी मात्र आपल्या काठीच्या मानाने अगदी खेळण्यातली, हातभर लांबीची. कारण गळ लांब फेकायचा नसतो, सरळ खाली सोडायचा असतो. ‘मोर्मिश्का’ नावाचा, तांदळाच्या किंवा वाटाण्याच्या दाण्याएवढा धातूचा मणी, त्यात बसवलेला गळ, आणि गळाला डासासारख्या एका माशीची लालभडक अळी. तळाच्या चिखलात राहणाऱ्या या अळ्यांची भावंडे आपल्या तळ्यांतही असतात. मणी हलकेच नाचवीत ठेवायचा आणि वाट पाहायची. ओकुन नावाचा पट्टेदार मासा, करवती दातांचा श्चूका आणि कॉड कुळातला नालिम हे त्यांचे मुख्य लक्ष्य. त्यांतला नालिम मोठा विलक्षण. इतर मासे थंडीने सुस्तावतात, तेव्हा हा जागा होतो आणि ऐन हिवाळ्यात बर्फाखाली अंडी घालतो.

रशियाप्रमाणेच फिनलंड, कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागांतही ही मासेमारी चालते. दक्षिण कोरियातील ह्वाचॉन येथे तर २००३ पासून गोठलेल्या नदीवर मासेमारीचा उत्सव भरतो आणि त्याला लाखो माणसे येतात. आपल्या देशात गोठलेल्या पाण्यावर पाऊल टाकण्याची विद्या लडाखच्या झंस्कार खोऱ्यातील लोकांना अवगत आहे. नदीवर जमलेल्या बर्फाला ते ‘चादर’ म्हणतात आणि काठीने ठोकून, आवाज ऐकून पुढे जातात.

एका शब्दाची गोष्ट

भिलाईच्या एका सेक्टरात राहणाऱ्या, वयाची नव्वदी ओलांडलेल्या एका निवृत्त मराठी अभियंत्यांकडे मागील जानेवारीत जाण्याचा योग आला. ओसरीवर उन्हात त्यांची खुर्ची होती. भाषांतराच्या कामात बर्फावरच्या मासेमारीचे शब्द अडतात, असे मी म्हणताच त्यांच्या सूनबाई आतून म्हणाल्या, “बाबा, तुमचा तो बर्फावरचा प्रसंग सांगा ना यांना.”

१९५७-५८ चा हिवाळा. ते तेवीस वर्षांचे, नागपूर सोडून प्रथमच इतक्या दूर गेलेले. मॅग्निटोगोर्स्कला त्यांना जाड कोट, लोकरी टोपी आणि ‘वालेंकी’ म्हणजे नमद्याचे गुडघाभर बूट मिळाले होते. रशियन भाषेची त्यांची पुंजी शंभरेक शब्दांची होती आणि त्यातले बहुतेक शब्द कारखान्यातले होते. एका रविवारी भट्टीवरच्या एका वृद्ध कामगाराने त्यांना आपल्यासोबत जलाशयावर नेले. म्हातारा दर दोन पावलांवर पहार आपटीत पुढे चाले आणि हे त्याच्या पावलावर पाऊल ठेवून मागे. दोन तास बसल्यावर यांचे पाय बधिर झाले. ऊब यावी म्हणून ते उठून फेऱ्या घालू लागले. थोड्या अंतरावर बर्फ स्वच्छ, काळसर दिसत होता, त्यावर हिम नव्हते, आणि त्यापलीकडे पाण्यातून वाफ उठत होती.

“मला वाटलं, तिकडे ऊन जास्त आहे,” ते म्हणाले. “वाफ दिसली, की भारतीय माणूस तिकडे जाणारच!”

त्यांनी आठ-दहा पावले टाकली असतील, तोच मागून म्हातारा ओरडला, “अस्तारोझ्ना!” या शब्दाचा अर्थ ‘जपून’. भट्टीजवळच्या भिंतींवर तो मोठ्या अक्षरांत लिहिलेला असे. तो कानी पडला, की आहे तेथे थांबायचे, ही सवय कारखान्याने त्यांच्या अंगी बाणवली होती. ते थांबले. पायाखाली काच तडकावी तसा आवाज झाला. म्हाताऱ्याने तळहात जमिनीकडे करून दाखवला. हे पालथे पडले. मग दोराचे टोक सरपटत त्यांच्यापर्यंत आले आणि ते पोटावर सरकत परतले. त्यानंतर म्हातारा रागावला नाही. आडवा होऊन, हात लांबवून त्याने पहारेने त्या काळ्या बर्फावर दोन घाव घातले. पाणी वर आले. परत आपल्या जागी येऊन त्याने तेथे घाव घातले आणि यांना मोजायला लावले. पंचवीस मोजले, तरी पाणी आले नाही. कारखान्यातून गरम पाणी जेथे जलाशयात सुटते, तेथला बर्फ कधीच भरवशाचा नसतो, हे ज्ञान त्या दिवशी त्यांना कोणत्याही शब्दांवाचून मिळाले.

“त्या म्हाताऱ्याच्या पेटीत मासे किती होते, मला आठवत नाही,” ते म्हणाले. “दोर मात्र आठवतो. त्याने तो सकाळी घरून निघताना घेतला होता, तेव्हा मला वाटलं होतं, माशाला दोर कशाला?”

परत येण्याची तयारी

वाचकहो, बर्फावर जाणाऱ्याच्या सामानाची यादी वाचली, तर त्यातले निम्मे सामान माशांसाठी नसतेच, असे दिसून येईल. गळ्यात दोरीने अडकवलेल्या दोन टोकदार खिळ्यांच्या मुठी असतात; बर्फ फुटून माणूस पाण्यात पडला, तर ओल्या हातांना गुळगुळीत बर्फाची पकड मिळत नाही, ती या खिळ्यांनी मिळते. दोर असतो. कोरड्या कपड्यांचा जोड असतो. बर्फाची पारख तर पाठच असावी लागते. दोन इंच, म्हणजे पाच सेंटिमीटरपर्यंतच्या बर्फावर पाऊलही टाकू नये. एका माणसाच्या चालण्याला स्वच्छ, निळसर, घट्ट बर्फ किमान दहा सेंटिमीटर हवा. हिम मिसळून पांढरा झालेला बर्फ निम्म्याच ताकदीचा धरावा, म्हणजे त्याची जाडी दुप्पट हवी. वसंत ऋतूतला बर्फ जाड दिसला, तरी आतून पोकळ व ठिसूळ झालेला असतो. झऱ्याच्या मुखाशी, पुलाच्या खांबांशी आणि कारखान्याच्या पाण्याच्या तोंडाशी तर जाऊच नये.

इतकी सावधगिरी बाळगूनही निसर्ग चकवतो. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेतील ईरी सरोवराच्या किनाऱ्यापासून बर्फाचा एक अफाट पट्टा वाऱ्याने सुटून निघाला. त्यावर अडकलेल्या शंभराहून अधिक मासेमारांना हेलिकॉप्टरांनी व बोटींनी परत आणावे लागले, आणि त्यांतील एकाचे प्राण गेले. त्या पट्ट्याचा बर्फ जाड होता. पण वाऱ्याची दिशा बदलली होती.

आणखी एक धोका असा आहे, की तो आपल्या घरांतही शिरतो. बर्फावरच्या बंद तंबूत ऊब यावी म्हणून काही जण चूल पेटवतात. कोंडलेल्या जागी जळण अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला फक्त गुंगी येते आणि तो उठत नाही. आपल्याकडे थंडीच्या रात्री दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी उशाशी घेऊन निजणाऱ्यांवरही असाच घाला पडतो. शेगडी निजण्यापूर्वी बाहेर नेऊन विझवावी, ही गोष्ट घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावी.

आपल्या तळ्यांवर बर्फ नसतो, म्हणून तेथे भय नाही असे मात्र कुणी समजू नये. मुरमासाठी किंवा विटांच्या मातीसाठी उन्हाळ्यात तळ्याच्या पोटात खड्डे खणले जातात. पावसाळ्यात ते पाण्याखाली जातात, आणि हिवाळ्यात त्या शांत पृष्ठभागावरून त्यांचा पत्ता लागत नाही. गुडघाभर पाण्यात उभा असलेला मुलगा एका पावलात बुडतो. आमचे ते वृद्ध अभियंते परत आल्यावर आपल्या मुलांना घेऊन गावोगावच्या तळ्यांवर जात, तेव्हा गळ काढण्याआधी काठावरच्या केवटाला विचारीत, “दादा, यात खड्डा कुठे आहे?” केवट काठीने दाखवी, इथे पायऱ्या संपतात, तिथे जुनी विहीर आहे, पलीकडे दोन वर्षांपूर्वी मुरूम काढला. आणि पिशवीत पंचवीस हात दोर असे. मुले त्या दोराला हसत. आता तो दोर नातवाच्या गाडीत असतो. अर्थात पहिला केव्हाच झिजला, हा तिसरा की चौथा.

छत्तीसगडात वर्षातून एक दिवस अवजारांचा असतो. ‘हरेली’ हा तो सण. इकडच्या पंचांगाप्रमाणे श्रावणातील आणि आपल्या पंचांगाप्रमाणे आषाढातील अमावास्येला नांगर, कुदळ, फावडे धुऊन, अंगणात मांडून त्यांची पूजा करतात, आणि मुले बांबूच्या ‘गेडी’वर चढून चिखलातून फिरतात. त्याच दिवशी आपल्याकडे दिव्यांची अमावास्या असते. समया, निरांजने घासूनपुसून पाटावर मांडली जातात. पुढे १७ सप्टेंबरला भिलाईच्या कार्यशाळांतून विश्वकर्म्याची पूजा होते, आणि खंडेनवमीला मराठी घरांत शस्त्रांबरोबर अडकित्ता-विळीलाही फूल मिळते. साधन वापरण्याआधी त्याला हात लावून पाहावे, पुसावे, त्याचे काय झिजले आहे ते ओळखावे, असा या चालीरीतींचा एक सरळ व्यवहारी अर्थही आहे.

एप्रिलच्या सुमारास उरलवरचा बर्फ फुटू लागतो. तिकडची माणसे गिरमिटाची पाती पुसून, तेल लावून ठेवून देतात आणि वालेंकी उन्हात वाळवून कसर लागू नये म्हणून बांधून ठेवतात. बदके तोवर परत पोहोचलेली असतात. भिलाईकडे त्याच दिवसांत तळी आटू लागतात, जाळी शेवटची ओढली जातात, आणि हिवाळ्यात पाण्याखाली असलेले खड्डे उघडे पडतात. मुलांना घेऊन तळ्याची एक फेरी मारायला तोच महिना उत्तम. कोठे किती खोल आहे, ते तेव्हा नुसत्या डोळ्यांनी दिसते, आणि ते त्यांच्या लक्षात राहिले, तर पुढच्या डिसेंबरची निम्मी तयारी झालेली असते.